पाठवाल्या बाई

मागच्या बाकावर बसून पाठ बघायचा आणि तोंड उघडायचं नाही, हा नियम आहे. मला तो जड जातो. ऋतुजा फळ्यासमोर उभी होती, डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, ओढणीला दोन ठिकाणी पिना. तिने दोरीवर वाक्यपट्ट्या चिमट्यांनी अडकवल्या होत्या. पिवळा कार्डपेपर, जाड निळी अक्षरं, कोपऱ्यात इंटरनेटवरून काढलेलं चिमणीचं चित्र. वारा आला की पट्ट्या हलत आणि चिमटे कुरकुरत. मी तीनदा पाय बदलले, एकदा उठून खिडकी लावली, परत उघडली. मार्गदर्शक शिक्षिका म्हणून माझ्यासमोर निरीक्षणाचा कागद होता आणि त्यावर मी काहीच लिहिलं नव्हतं.

कारण पोरं फार चांगली उत्तरं देत होती.

मला आठवणीत रमायची सवय नाही. शाळा दोन शिक्षकी आहे, कामं पडलेली असतात. पण दोरीवर लटकलेल्या पट्ट्या या खोलीत पाहिल्या की नाइलाज होतो. डी.एड.ला असताना सराव पाठ घ्यायला मी स्वतः याच खोलीत, याच भिंतीसमोर उभी होते. तेव्हा फरशी नव्हती, शेणानं सारवलेली जमीन होती. भिंतींवर फुलपाखरं आणि पाढे रंगवलेले नव्हते. टीव्ही नव्हता. दोरी मात्र होती, आणि ती अडकवायला दारावरचा जो खिळा होता तो अजून तिथेच आहे, वर रंगाचे थर चढून जाड झालेला. गेल्या जूनमध्ये ऑनलाइन बदलीत हे गाव निघालं तेव्हा रुजू झाल्यावर मी आधी तो खिळा पाहिला, मग हजेरीपत्रक.

आम्ही परभणीहून सकाळच्या पॅसेंजरनं यायचो. पेडगावला उतरायचं आणि तिथून गाडीवाटेनं चालत या गावाला. डब्यात डिंकाचा, कार्डपेपरचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास एकत्र असायचा. प्रत्येकीच्या काखेत गुंडाळफळा, म्हणजे काळ्या रेक्झिनचा, चटईसारखा गुंडाळायचा फळा. तो डब्याच्या दारात अडकला की मागच्या बायका ओरडत. भाजी विकायला निघालेली एक म्हातारी रोज विचारायची, पोरींनो, ह्या नळ्या कुठल्या बसवायच्या हाईत? रोज आम्ही सांगायचो, आणि रोज ती दुसऱ्या दिवशी नव्यानं विचारायची.

वाटेच्या दोन्ही बाजूंना हरभरा असे. थंडीच्या दिवसांत त्यावर आंब, म्हणजे पानांवरचं आंबट दव, धरलेली. बायका पहाटे पातळ फडकं हरभऱ्यावरून फिरवून ती आंब गोळा करत, पोटदुखीला चालते म्हणून. आम्ही कडेनं चाललो तरी साडीचा काठ ओला व्हायचा आणि वाळला की ताठ. दिवसभर घोट्याला आंबट खाज. छात्राध्यापिकांना साडी सक्तीची होती. मी अजूनही हरभऱ्याची भाजी निवडायला घेतली की घोटा खाजवते.

गाव जवळ आलं की आधी करडईची काटेरी शेतं, मग पाण्याची टाकी, मग शाळेच्या कुंपणावर चढून बसलेली पोरं. एक जण बोंब मारायचा, "पाठवाल्या बाई आल्या ओऽ," आणि आत धावाधाव. गुरुजींना सगळे गुरुजी म्हणत. आम्ही कुणाच्याच नावाच्या नव्हतो. आम्ही पाठवाल्या बाई. मागच्या वर्षी आलेल्याही पाठवाल्या बाई आणि पुढच्या वर्षी येणाऱ्याही त्याच.

हे समजायला मला थोडा वेळ लागला की आम्ही त्या पोरांसाठी नव्या नव्हतो. आमच्या अध्यापक विद्यालयात पाठाची टाचणं वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे यायची. कुणाची तरी ताई, कुणाची तरी मैत्रीण, हातानं लिहून काढायचं आणि वर आपलं नाव घालायचं. चोरी कुणाला वाटत नसे. शेजारणीचं विरजण आणल्यासारखं होतं ते. त्यामुळे दर वर्षी तेच पाठ, तेच प्रश्न, त्याच क्रमानं याच वर्गांवर येऊन पडत. पोरांना ते तोंडपाठ झाले होते. प्रस्तावनेचे प्रश्न म्हणजे काय, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळायचं. बाई अंगणातल्या पक्ष्यांबद्दल विचारायला लागल्या की शेवटी चिमणीवर यायचं आहे हे ठाऊक असायचं, पण ती लगेच चिमणी म्हणत नसत. आधी कावळा म्हणायचं, मग कबुतर, मग एकानं पोपट म्हणून हसवायचं, आणि चौथ्या वेळेला चिमणी. लगेच उत्तर आलं तर बाईंची प्रस्तावना आखूड पडते आणि पाठ तपासायला मागे बसलेले विद्यालयाचे सर खवळतात. आमच्यातल्या एकीला घाम फुटून प्रश्न आठवेना, तेव्हा पहिल्या रांगेतून हळूच आवाज आला होता: बाई, आता चित्र दाखवायचं.

तो आवाज मथुरेचा होता.

मथुरा चौथीत होती. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी धुऊन धुऊन गुलाबी झालेल्या. आई-बाप कापूस वेचायला जात आणि धाकट्या भावाला ही शाळेत घेऊन येई. तो तिच्या मांडीला टेकून झोपायचा. पाठ कुणाचाही असो, मथुरा पहिल्या रांगेत. गुरुजी स्वतःच तिला बसवत. बाहेरची माणसं बघायला आली की वर्गाची अब्रू तिच्या हातात. माझा पहिला पाठ होता त्या दिवशी तिनं मला दारातच अडवलं आणि माझ्या हातातले तक्ते बघून म्हणाली की चिमणीचा पाठ हाय ना बाई, मग वाचायला मला उठवा, बाकीचे अडकत्यात.

माझी मैत्रीण नसीम हिचं अक्षर सुंदर. माझ्या पट्ट्या तिनंच लिहून दिल्या होत्या. चिमणी सकाळी उठली. ती घरट्याबाहेर आली. तिनं अंगणातले दाणे टिपले. मग ती भुर्रकन उडाली. अशी वाक्यं, एका पट्टीवर एक. मी घाबरले की नसीम दखनीत दटावायची. त्या दिवशीही गाडीत म्हणाली, "कायकू डरती गे, बच्चोंकू सब आता है."

पाठ सुरू होण्याआधी वारा आला. दोरी सुटली, पट्ट्या जमिनीवर पसरल्या. दारात सर उभे, मी मिळेल ती पट्टी उचलून चिमट्यात अडकवली. मग प्रस्तावना, कावळा, कबुतर, पोपट, चिमणी. हेतुकथन. आदर्श वाचन मी पुस्तकातून केलं. मग मथुरेला उठवलं. ती पुढे आली, माझ्या हातातली छडी घेतली, पहिल्या पट्टीखाली टेकवली आणि खणखणीत आवाजात वाचलं, चिमणी सकाळी उठली.

मी पट्टीजवळ उभी होते. पहिल्या पट्टीवर लिहिलं होतं, मग ती भुर्रकन उडाली.

छडी दुसऱ्या पट्टीखाली गेली. तिथेही तसंच. तोंडात एक, पट्टीवर दुसरं. चारही वाक्यं ती आपल्या क्रमानं म्हणत गेली, छडी अक्षराखालून बरोबर सरकवत, मध्ये श्वास घेत, जणू वाचतेच आहे. वर्गानं तिच्या मागून म्हटलं. मागे सरांनी मान हलवली; त्यांनाही तो पाठ इतका पाठ होता की त्यांनी पट्ट्यांकडे पाहिलंच नाही. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम.

चौथीतली मुलगी, सगळ्यांत हुशार म्हणून पुढे बसवलेली, आणि तिला वाचता येत नाही. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, तुमचा पाठ झाला आहे, पुढच्या पाठाची तयारी करा. गुरुजींना सांगितलं. ते वाईट नव्हते. दोन खोल्या, चार वर्ग, मतदार याद्या, तांदूळ वाटप. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले की तुम्ही लोक येता म्हणून तिसरी-चौथीला कुणी तरी उभं राहतं, मी तेवढ्यात पहिलीला अक्षरं गिरवून घेतो. एवढंच बोलून ते तांदळाच्या पोत्याकडे गेले.

मधल्या सुट्टीत मी मथुरेला लिंबाखाली बोलावलं. तेव्हा शाळेमागे मोठा कडुलिंब होता. मी तीच पट्टी पुढे धरली आणि वाच म्हणाले. ती म्हणाली, "मला येतंय की बाई समदं."

मी सांगितलं की तुला येत नाही हे मला समजलं आहे, त्यात लाज वाटून घ्यायची नाही, उद्यापासून रोज सुट्टीत माझ्याजवळ बस, मी तुला एकटीला शिकवते.

तिनं पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. भावाचं नाक फ्रॉकच्या टोकानं पुसलं. मग म्हणाली, "न्हाई येत, बाई."

त्या थंडीच्या सुट्ट्या मला तारखेनं आठवत नाहीत, वासानं आठवतात. लिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास. कोळसा आणि वेलाचा पाला वाटून पोरं फळा काळा करत, त्याचा हिरवट वास. दूरवर कुणी तरी शेतात हरभऱ्याचे डहाळे जाळावर धरलेले, त्या हुळ्याचा धूर. मथुरा खिशातून भाजलेले घाटे काढायची, तळहातावर चोळायची, फुंकून मला द्यायची, आणि तिची काळी बोटं मग माझ्या पुस्तकावर उमटायची. मी म पासून सुरुवात केली. तिचं नाव आधी. म, थु, रा. मातीत काडीनं. ती गुडघ्यावर हनुवटी ठेवून बघायची. आज आलेलं अक्षर उद्या विसरायची. मी चिडायची नाही, परत काढायची. कधी एखादं अक्षर पटकन काढून टाकायची आणि मग स्वतःच पायानं पुसून म्हणायची, चुकलं वाटतं बाई. बाकीची पोरं लंगडी खेळताना आमच्याकडे बघायची. तिला कुणी हाक मारली तर ती हात झटकून सांगायची, "मला शिकवायल्यात, दिसंना का?"

मग कापसाची शेवटची वेचणी आली आणि अर्धा वर्ग रानात गेला. मथुरा आली, पण उशिरा, हाताला बोंडाचे ओरखडे. मग संक्रांत, मग आमच्या सराव पाठांचा शेवटचा आठवडा. कॉलेजनं सगळ्यांना परत बोलावलं. शेवटच्या दिवशी पोरांनी आम्हाला बोरं दिली. मथुरेनं काहीच दिलं नाही. मी काखेत गुंडाळफळा धरून निघाले तेव्हा ती कुंपणापाशी आली आणि रागानं म्हणाली, "मला अजून कुठं येतंय. तुमी कामून जायलात?"

गाडीची वेळ झाली होती.

मी चुकले असं मला कधी वाटलं नाही. विशीच्या आतली मुलगी, हाताशी सुट्टीचा वेळ, जेवढं करता आलं तेवढं केलं. पण चैन पडलं नाही, ही गोष्ट खरी. पुढे नोकरी लागली, जिंतूर तालुक्यात, मग बोरीच्या बाजूला, मग पूर्णेजवळ. लग्न झालं, मुलं झाली, मोठी झाली. एस.टी. स्टँडवर एखादी बाई पूर्णा असं लिहिलेल्या गाडीसमोर उभी राहून मला विचारायची की ही पूर्णेला जाती का ओ, की मी आधी तिचा चेहरा बघायची. वय जुळतं का. कपाळ तसंच आहे का. नवरा म्हणायचा, काय शोधत असतेस सारखी? मी म्हणायची, गाडी. खरं तर मला एवढंच हवं होतं की कुठे तरी एक बाई दिसावी आणि तिनं वर बघून पाटी वाचावी.

गेल्या जूनमध्ये इथं आल्यावर मी चौकशी केली. लिंब तोडलेला, त्या जागी हात धुवायचे नळ. मथुरेचे आई-बाप गेले. मांडीवर झोपणारा तिचा भाऊ आता मिशीवाला बाप्या, त्याची मुलगी वैष्णवी माझ्याच वर्गात चौथीला. त्याला विचारलं, तुझी ताई वाचते-लिहिते का. तो विचित्र नजरेनं बघत म्हणाला की सही करती बगा, बचत गटात हाय तिकडं सासरी. सही. म, थु, रा. तेवढंच तर मी शिकवलं होतं. त्या उत्तरानं माझी झोप आणखी उडाली.

आणि आता वैष्णवी ऋतुजाच्या हातातली छडी घेऊन पट्ट्यांसमोर उभी होती. चिमणीचा पाठ नव्या पुस्तकात नाही, पण मुली अजून कुणाच्या तरी ताईची पीडीएफ मोबाईलवर घेतात. काही पाठ मरत नाहीत. मी उठले. निरीक्षकानं उठायचं नसतं. दोरीपर्यंत गेले, दोन पट्ट्यांची अदलाबदल केली आणि जागेवर येऊन बसले. ऋतुजाचा चेहरा पांढरा पडला. वैष्णवीनं छडी टेकवली आणि खणखणीत आवाजात जुन्याच क्रमानं वाचून टाकलं.

ऋतुजाला दिसलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी कागदावर काहीच लिहिलं नाही.

मधल्या सुट्टीत खिचडीची पातेली उघडली होती, पोरांची रांग लागली होती. गावात महादेवाची यात्रा, त्यामुळे फाटकाशी माहेरवाशिणींची ये-जा होती. त्यातली एक जाड काठाच्या साडीतली बाई आत आली, ऑफिसच्या दारावरची पाटी वर मान करून बघितली आणि सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"पाटीवर तुमचं नाव वाचलं," ती म्हणाली. "आडनाव बदललं तुमचं. पर मनलं, पाठवाल्या बाईच हाईत ह्या."

कपाळ तेच. मी तिला बस म्हणायचं विसरले. पहिलं वाक्य माझ्या तोंडून निघालं ते असं की, तुला वाचता येतं?

ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली. "तवाबी येत व्हतं की. तुमच्या पुस्तकावरलं नाव तवाच वाचलं व्हतं."

मग तिनं ते सगळं सांगितलं, नळाच्या कट्ट्यावर बसून, वैष्णवीच्या ताटातली खिचडी चाखत. वाऱ्यानं माझ्या पट्ट्या उलटसुलट झाल्या हे तिला पहिल्या नजरेत दिसलं होतं. तसंच वाचलं असतं तर पोरं हसली असती, सर मला बोलले असते. पाठवाल्या बायांना सांभाळून घ्यायचं हे तर तिचं कामच. म्हणून तिनं पट्टीवर नसलेलं वाचलं.

आणि लिंबाखाली, मी विचारलं. मातीत. इतके दिवस.

तिनं खिचडीचा घास थांबवला. "तुमी मनल्या, एकटीला शिकवते. मला एकटीला कोनी कवाच शिकवलं नव्हतं, बाई. येतंय मनले असते तर तुमी उठून गेल्या असत्या." मग परत हसली. "तुमी लय गंभीर तोंड करायच्या. मला हासू दाबावं लागायचं. अन् चुकीचं अक्षर काडायला तर लय येळ लागायचा, मुद्दाम."

मला राग यायला हवा होता की हसू, ते ठरेना. मी उठून नळ बंद केला. तो आधीच बंद होता. इतकी वर्षं स्टँडवर बायकांची तोंडं बघितली, त्याचं काय करायचं? आणि लंगडी खेळता खेळता आमच्याकडे बघणारी बाकीची पोरं, त्यांच्यातलं कोण वाचत होतं आणि कोण नुसतं म्हणत होतं, हे मथुरेलाही माहीत नव्हतं. मी विचारलं तर ती म्हणाली, आपआपलं प्रत्येकाला ठावं. यात्रेतून कुणी तरी तिला हाक मारली, ती गेली. जाताना वैष्णवीच्या वेणीला हलकंच ओढून गेली.

दुपारी ऋतुजा ऑफिसात आली, डोळे लाल. पाठ फेल झाला का मॅडम, असं तिनं विचारलं. मी तिला पट्ट्यांची गोष्ट सांगितली नाही; ती तिला केव्हा तरी तिच्या पोरांकडूनच कळावी. फक्त म्हणाले की उरलेल्या दिवसांत सुट्टीत एकेका पोराजवळ बस, पाठ घेऊ नकोस, नुसती बस, आणि वैष्णवीला मी घेते.

शाळा सुटायच्या आधी वैष्णवीला घेऊन मी नळाजवळच्या सावलीत बसले. गोष्टीचं नवं पुस्तक, तिनं न बघितलेलं. वाच म्हणाले. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "न्हाई येत, मॅडम."

मी पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि हळूहळू सरकवायला लागले. यात्रेतल्या पिपाण्यांचा आवाज येत होता, खिचडीच्या भांड्यांवर पाणी पडत होतं. मी मोठ्यानं पहिलं अक्षर म्हटलं. वैष्णवी माझ्या दंडाला टेकून बसली होती, आणि तिची नजर माझ्या बोटाच्या पुढे, तिसऱ्या ओळीत पळत होती.

मी बोट तसंच हळू सरकवलं. दुसरं अक्षर म्हटलं.